मामांच्या आंतरराष्ट्रीय आघाडीचा दुभाषा

आमच्यात मामाची मुलगी करतात. लहानपणापासून घरी येणारी प्रत्येक बाई माझा गालगुच्चा घेऊन "काय रे, मामाचा जावई!" म्हणायची. त्यामुळे जावई हा एक हुद्दा आहे आणि तो मला जन्मतःच मिळालाय, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. हुद्द्याबरोबर एक मुलगीही येते आणि तिला स्वतःचं मत असतं, हे कळायला पंचविशी उजाडली.

मामांचं चिकपेटेत रेशमी साड्यांचं दुकान. आमची घराणी बंगळुरात तीनशे वर्षांची. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. पेठेत मामांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा म्हणजे मोठा भाऊ, पण मामांच्या अण्णापणात पुढारीपणही होतं. त्यांनी एक संघटना काढली होती आणि तिचं एकमेव काम म्हणजे मुसलमानांपासून सावध राहणं. नक्की कशापासून सावध, ते विचारलं की मामा चिडत. गंमत म्हणजे त्यांच्या दुकानाला रेशमाचा धागा पुरवणारे मुसलमानच होते. दिवसभर मामा त्यांना शेजारी बसवून कॉफी पाजत, त्यांच्या पोरांच्या परीक्षा विचारत. धर्म धोक्यात यायचा तो दुकानाचं शटर खाली आल्यावर.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटची. दोन हजार साल उजाडलं की जगातले संगणक बंद पडणार, अशी हूल होती आणि ते बंद पडू नयेत म्हणून बंगळुरातली निम्मी पोरं रात्रंदिवस शिकवण्या लावून बसली होती. मामांची मुलगी त्यातली एक. मी शहाणा. मी म्हटलं, सगळे संगणक शिकताहेत, आपण जर्मन शिकू, गर्दी कमी असेल. गर्दी खरंच कमी होती. पहिली परीक्षा पास झालो, दुसरीत आपटलो. पण घरी दुसरीबद्दल कोणी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

एके दिवशी मामांनी मला दुकानात बोलावलं. रेशमाच्या कुठल्याशा प्रदर्शनात त्यांना एका युरोपियन गिऱ्हाइकानं एक पत्रक दिलं होतं. देश कुठला ते सांगत नाही. जर्मन बोलणारे देश एकाहून जास्त आहेत, वाचकांनी हवा तो घ्यावा. पत्रकावर एका मिनाराचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली.

"एनप्पा पंडित," मामांनी कन्नडमध्ये 'काय रे' केलं, "हे काय लिहिलंय?"

मी बराच वेळ बघितलं. मला 'आमचा', 'देश' आणि 'बटाटे' एवढे शब्द ओळखीचे वाटले. बटाट्याबद्दल मी आजही साशंक आहे.

"आपल्यासारखेच विचार आहेत, मामा."

"बघ! सातासमुद्रापलीकडे आपला माणूस!" मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "याला पत्र लिही. काम नीट केलंस तर तुझं ते बघू."

'ते' म्हणजे काय, हे दुकानातल्या पोऱ्यापासून मामीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. आणि मामांच्या तोंडचं 'बघू' म्हणजे निम्म्या अक्षता.

तर अशा रीतीनं आंतरराष्ट्रीय आघाडी सुरू झाली. मामांनी नवं लेटरहेड छापून घेतलं आणि त्यावर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द सोनेरी शाईत टाकला. शाखा दोन होत्या. एक आमच्या गल्लीत, दुसरी पलीकडच्या. फॅक्स एसटीडी बूथवरून जायचे. बूथवाला प्रत्येक पान यंत्रात सारताना मोठ्यानं वाचायचा प्रयत्न करायचा आणि "केवढी मोठी भाषा आहे हो" म्हणायचा. परत येणारा फॅक्स त्या गुळगुळीत कागदावर. तो दोन दिवस उन्हात राहिला की अक्षरं उडून जायची. माझ्या भाषांतराला पुरावा उरायचा नाही, हे माझं नशीब.

माझी पद्धत सांगतो. जे कळलं ते लिहायचं, जे कळलं नाही तिथे मामांना आवडेल ते लिहायचं. तो लिहायचा की परके लोक, सगळे आशियाई, आपापल्या मुलखात परत गेले पाहिजेत. मी मामांना सांगायचो, "आशिया खंडाला शुभेच्छा दिल्यात." मामा लिहायला सांगायचे, "आमच्या कुलदेवतेचा आशीर्वाद." देवतेला जर्मनमध्ये काय म्हणतात ते आठवायचं नाही, म्हणून मी लिहायचो, "आजी बऱ्या आहेत." तो पुढच्या पत्रात आजींची चौकशी करायचा. मामा म्हणायचे, "काय संस्कारी माणूस!" एरवी एकमेकांना दारात उभं केलं नसतं असे दोन पुरुष माझ्या अज्ञानामुळे जिवलग झाले.

यातलं एक काम मात्र आजीवर निभावलं नाही. त्यानं एक मोठं पत्रक पाठवलं. त्यांच्याकडे कुठल्याशा सुंदर तळ्याकाठी मुसलमानांनी घरं घेतली, मग दुकानं घेतली, मग तळंच घेतलं, अशी काहीतरी कहाणी. मामांना ती फारच भावली.

"हे कन्नडमध्ये छापू. पण तिकडचं तळं आपल्या लोकांना कसं कळणार? इकडचं घाल."

मी विचारही केला नाही. बंगळुरात तळं म्हटल्यावर जे पहिलं आठवलं ते लिहिलं. हेब्बाळ. मला हेब्बाळबद्दल एवढंच माहीत होतं की तिथे तळं आहे आणि पहाटे पक्षी बघायला लोक जातात. तिथे कोण राहतं, कोणी काय विकत घेतलं, कशाचा पत्ता नव्हता. पत्रक छापलं, बसथांब्यांवर वाटलं गेलं.

चार-आठ दिवसांनी मामांची मुलगी आमच्या घरी आली. मला वाटलं, विषय पुढे सरकला. मी कंगवा फिरवून आलो. तिनं हातातला कागद टेबलावर ठेवला.

"हेब्बाळ कुठून आलं?"

"फॅक्समधून," मी म्हटलं.

"युरोपच्या फॅक्समध्ये हेब्बाळ?"

"तळं होतं त्यात. तळं तर होतंच."

ती बसलीच नाही. तिची एक मुसलमान मैत्रीण होती, बंगळुरातल्या शिवाजीनगरची. दोघी एकाच संगणकाच्या क्लासला जायच्या, एकाच डब्यातून खायच्या. क्लासच्या बसमध्ये त्या मैत्रिणीनंच हा कागद तिला वाचून दाखवला होता. आधी हसत, मग न हसता. कारण मैत्रिणीची मावशी हेब्बाळला राहायची. तळ्याच्या अगदी जवळ. नवरा वारलेली बाई, मुलांच्या शिकवण्या घ्यायची. कोणीतरी हाच कागद खळ लावून तिच्या दारावर चिकटवला होता आणि खाली हातानं लिहिलं होतं, 'कधी जाणार?' शिकवणीची निम्मी मुलं यायची थांबली होती.

मी नकाशावर आपलं एक बोट ठेवलं होतं. तिथे घर निघालं.

"मला काय माहीत," मी म्हटलं.

"तेच तर. तुला काहीच माहीत नव्हतं आणि तरी तू लिहिलंस." मग ती म्हणाली, "हे बघ, आमचे अप्पा 'बघू' म्हणालेत. मी अजून काहीच म्हटलेलं नाही. तो फॅक्सवाला सभेसाठी इकडे येणार आहे ना? तू त्याचं बोलणं कसं सांगतोस, तेवढं मी ऐकणार आहे. जसं आहे तसं सांग. मग बोलू आपण."

म्हणजे परीक्षक दोन झाले. मामांना हवा होता दणदणीत कार्यक्रम. तिला हवं होतं खरं भाषांतर. आणि उमेदवार दुसरी परीक्षा नापास.

तो आला. खरं तर तो केरळात तेलाच्या मालिशसाठी निघाला होता. गुडघे दुखायचे त्याचे. वाटेत एक रविवार त्यानं जागतिक आघाडीला दिला. तिकडच्या कुठल्याशा प्रांतिक सभेत निवडून आलेला, उंच, गुलाबी, घामानं डबडबलेला माणूस. त्याला इंग्रजी यायचं, पण व्यासपीठावर तत्त्व म्हणून बोलायचा नाही. मला बघून त्यानं पहिला प्रश्न विचारला, "आजी कशा आहेत?" मी म्हटलं, "वारल्या." विषय मिटला असं वाटलं, तर त्यानं भाषणाच्या सुरुवातीला आजींसाठी सभेला उभं केलं. सगळे उभे राहिले. मामांनी मला कानात विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "त्यांचे हुतात्मे."

त्याआधी सत्कार. बंगळुरात सत्कार म्हणजे शाल, चंदनाचा हार, फळांची परडी आणि डोक्यावर म्हैसूर पेटा, जरीकाठाची तयार पगडी. पेट्याशिवाय सत्कार म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. पाहुणा उंच, म्हणून मामा स्टुलावर चढले आणि दोन्ही हातांनी पेटा धरून खाली आणू लागले. पाहुण्यानं मान काढून घेतली. मामांनी पुन्हा नेम धरला. पाहुणा पुन्हा निसटला. फोटोवाला ओरडतोय, "सर, स्वल्प अलीकडे!" आणि हे दोघे लगोरी खेळल्यासारखे.

"काय म्हणतोय?" मामांनी स्टुलावरून विचारलं.

तो म्हणत होता, हा फोटो आमच्याकडे छापून आला तर लोक म्हणतील मी मुसलमान झालो. त्याच्या लेखी डोक्याला कापड गुंडाळणारे सगळे एकच.

"डोकं मोठं आहे म्हणतात, मामा. बसणार नाही."

"मोठ्या मापाचा आण रे!"

मोठ्या मापाचाही आला. शेवटी मामांनी तो त्याच्या डोक्याच्या वर वीतभर अंतरावर धरला आणि तसाच फोटो निघाला. त्यात मामा पाहुण्यावर छत्री धरून उभे असल्यासारखे दिसतात.

मग भाषण. पहिल्या रांगेत मामी, डोक्यावरून पदर घेऊन. शेजारी मामांची मुलगी, हाताची घडी घालून, माझ्याकडे बघत. पाहुण्यानं बोटं मोजत मुसलमानांविरुद्धच्या तक्रारी सांगायला सुरुवात केली. पंचाईत ही, की त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्याचं सगळं जर्मन कळत होतं.

हे लोक पिढ्यान्‌पिढ्या आमच्यात राहतात, तो म्हणाला, तरी घरात स्वतःचीच भाषा बोलतात. मी सभेकडे बघितलं. तीनशे वर्षं कन्नड मुलखात मराठी बोलणारी शंभर डोकी माझ्याकडे आशेनं बघत होती.

"हे लोक कुणाचे होत नाहीत!" मी गरजलो. टाळ्या.

आपण जे खातो ते खात नाहीत, एका घरात दहादहा जण राहतात, जिन्यात मसाल्याचा वास सोडतात, बायकांची डोकी झाकतात.

"हे लोक आपली तळी, आपल्या जमिनी गिळतात!" मोठ्या टाळ्या. हे त्यानं म्हटलंच नव्हतं. रिकाम्या जागेत भरायला माझ्याकडे आमचंच पत्रक तोंडपाठ होतं.

आणि मग तो म्हणाला की हे लोक भावंडांत लग्नं लावतात. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा. त्यामुळे यांची पोरं बुद्धीनं मंद निघतात.

मी पाणी प्यायलो. आणि त्या जागी असं काही ठोकून दिलं की मागच्या रांगेतले दोघे तरुण घोषणा देत उठले. मामांनी मला व्यासपीठावरच मिठी मारली. मी पहिल्या रांगेकडे बघितलं नाही.

दुपारी मामांच्या घरी जेवण. केळीची पानं, बिसिबेळेभात, कोशिंबीर, पुरणपोळी, ताक. मामांच्या भावाची मुलं, बहिणीची मुलं, मी, सगळे एका पंगतीत. पाहुणा मांडी घालता येईना म्हणून पाटावर पाय लांब करून बसला. मामांची मुलगी वाढत होती. घरात तत्त्वाची गरज नसल्यामुळे पाहुणा इंग्रजीवर आला होता आणि मामांना इंग्रजी बिलापुरतंच येत असल्यामुळे ते नुसते हसत होते.

"हा तुझा भाऊ का?" पाहुण्यानं माझ्याकडे बोट करून तिला विचारलं.

"आत्याचा मुलगा," ती म्हणाली. "आमचं लग्न ठरवायचं चाललंय."

पाहुण्याचा घास हातातच राहिला. "पण मी सकाळीच तर सांगितलं!"

"काय सांगितलंत? याच्या सांगण्यात आलं नाही. पुन्हा सांगाल?"

बिचाऱ्याला श्रोता मिळाला. त्यानं भाताची बोटं मोजत सगळी यादी पुन्हा सांगितली. तिनं शेवटपर्यंत ऐकली, भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "आता अप्पांना सांग. मराठीत. गाळायचं नाही, घालायचं नाही."

"जेवण होऊ दे की."

"आत्ता."

मी सांगितलं. घरात आपली भाषा बोलतात. "मग काय त्याची बोलायची?" मामा म्हणाले. दहा जण एका घरात राहतात. पंगतीतल्या पोरांनी एकमेकांना मोजलं. मसाल्याचा वास. बायका डोकं झाकतात. मामींनी सवयीनं पदर पुढे ओढला. आणि मग आवाज जमेल तेवढा खाली आणून मी मामाच्या मुलीचा मुद्दा सांगितला, मंद पोरांसकट. मामा माझ्याकडे टक लावून बघत राहिले. पोरांबद्दलचा भाग त्यांना माझ्याकडे बघून क्षणभर पटलाही असावा.

"त्याला सांग," मामा सावकाश म्हणाले, "ते वेगळे. आम्ही वेगळे."

मी सांगितलं. पाहुण्यानं उदार मनानं मान हलवली. "तुम्ही इथे आहात तोवर छान आहात," तो म्हणाला. "आमच्याकडे आलात की तेच."

हेही मी जसंच्या तसं सांगितलं. आता थांबता येत नव्हतं.

मामा पानावरून उठले. "कोण हा? कोण हा आम्हाला शिकवणारा? आमचे वाडवडील मामाची मुलगी करत आले, त्यांच्या वाडवडिलांनीही तेच केलं! याचे गुडघे बघा आणि आमचे बघा! ठरलं! येत्या गुरुवारी साखरपुडा!"

"अहो, गुरुवारी अमावास्या आहे," मामी म्हणाल्या.

"मग शुक्रवारी!"

आघाडी त्या घासाला मोडली, हे खरं. पण वाचकांनी फार आनंद मानू नये. मामांचा मुसलमानांवरचा राग तसूभरही कमी झाला नाही. थोड्याच दिवसांत त्यांना दुसऱ्या देशातला दुसरा दोस्त मिळाला. त्याला इंग्रजी यायचं आणि तो शाकाहारी होता. असल्या लोकांना एकमेकांचा पत्ता कसा लागतो, देव जाणे. हेब्बाळच्या मावशींना मात्र घर बदलावं लागलं.

पण त्या दुपारी मला एवढंच ऐकू आलं होतं, की माझं लग्न ठरलं. प्रेमानं नाही, पत्रिकेनं नाही, युरोपवरच्या रागापोटी. मी म्हटलं, चालेल. मी हसलोसुद्धा.

"नाही," मामांची मुलगी म्हणाली.

"काय नाही?"

"अप्पा, हा माणूस म्हणतो म्हणून मोडायचं नव्हतं. पण हा म्हणतो म्हणून जुळवायचंही नाही." मग ती माझ्याकडे वळली. "आपल्याला झोंबणारं तू गाळलंस. ठीक आहे, भित्रा आहेस, ते मला चौथीपासून माहीत आहे. त्याच्यावर माझं लग्न अडलं नसतं. पण गाळलेल्या जागी काय भरलंस? पुन्हा तळं? त्या बाईच्या दारावर काय चिकटलंय ते माहीत असून? टाळ्या पडत होत्या तेव्हा ती आठवली का तुला?"

"स्वल्प आठवली," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. म्हणूनच वाईट होतं.

"सरी," ती म्हणाली. सरी म्हणजे ठीक. रिक्षावाल्याशी भाडं न जमल्यावर बायका म्हणतात तसं.

पाहुणा इतका वेळ आळीपाळीनं सगळ्यांकडे बघत होता. त्यानं मला जर्मनमध्ये विचारलं, "काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

त्याचा चेहरा खुलला. त्यानं तिच्याकडे बघून दोन्ही हात जोडले. आपला मुद्दा एका तरी घरात पोचला, असं त्याला वाटलं.

"त्याला सांग," ती म्हणाली, "त्याच्यामुळे नाही. कशामुळे, ते सांग. पूर्ण."

मामा उभे, मामी उभ्या, पोरं भात थांबवून बघताहेत, आणि मी पानावर बसून एका परक्या माणसाला त्याच्या भाषेत सांगतोय की ही मुलगी मला का नको म्हणते. कागद, तळं, मावशी, टाळ्या, सगळं सांगितलं. शब्द अडले तिथे हातवारे केले. या वेळी त्यात माझ्या पदरचं काही घातलं नाही. त्यानं लक्षपूर्वक ऐकलं, माझी दोन क्रियापदं दुरुस्त केली आणि म्हणाला, हे इथलं ताक फार छान आहे, अजून मिळेल का?

मी तेही सांगितलं. तिनं त्याला ताक वाढलं, मग माझ्या पानाजवळ आली, माझ्या वाटीतही ओतलं आणि पुढच्या पानाकडे गेली.